सह्याद्रीखालची जुनी भूमी

बेळगावच्या दक्षिणेस दख्खनचा काळा कातळ विरळ होत जातो आणि त्याहून पुष्कळ प्राचीन असे खडक उघडे पडतात. हा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. धारवाडकडील काही खडक मात्र ३०० कोटी वर्षांइतके जुने. ही पुरातन भूमी लाव्ह्याखालून उत्तरेकडे तशीच पसरलेली असावी, हा तर्क जुनाच होता. तो पडताळून पाहण्याची निकड ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे उत्पन्न झाली. त्या पहाटेच्या भूकंपात कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली, आणि दख्खनचे पठार अचल आहे हा समजही ढासळला.

पायाखाली आहे तरी काय? प्रथम गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीचा आधार घेण्यात आला. कोयनेच्या व कुर्डुवाडीच्या परिसरात गुरुत्वाकर्षण अपेक्षेहून कमी भरते. त्यावरून कृष्णब्रह्मम् व नेगी या संशोधकांनी १९७३ मध्ये असे मत मांडले की, लाव्ह्याखाली खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात. दरीत गाळाचे हलके खडक साचले असतील, तर ओढ कमी पडणारच. विचार सयुक्तिक होता. परंतु हे मापन फसवे असते. बांधलेले गाठोडे तराजूत घातले तर वजन कळते, आत काय आहे ते कळत नाही. वरच्या थरातील गाळ आणि फार खोलवरचा हलका खडक, दोहोंमुळे काटा सारखाच हलू शकतो.

म्हणून दुसरी वाट धरावी लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या साहाय्याने कावली ते उडुपी, म्हणजे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, सुमारे ६०० किलोमीटरची रेषा तपासली होती. भूमीत सुरुंग उडवावयाचे आणि खोल थरांवरून परतणाऱ्या कंपनलहरींचा वेळ मोजावयाचा, ही ती पद्धत. तीच पुढे गुहागर–चोरोची व केळशी–लोणी या रेषांवर योजण्यात आली. लाव्ह्याचा थर पश्चिमेस जाड व पूर्वेकडे पातळ होत गेलेला दिसला. कवचाचा तळ ३५ ते ४० किलोमीटरांवर लागला. एवढ्या जाडीपुढे सह्याद्रीचा सारा कातळ म्हणजे वरची साय!

अखेरचा पुरावा छिद्रणयंत्राने दिला. कोयनेजवळ रासाटी येथे ९३० मीटरांच्या थोडे पुढे लाव्हा संपला आणि लगेच ग्रॅनाइट व नाइस हे जुने खडक लागले. मध्ये गाळाचा थर नव्हता. गोठणे येथील, २०१७ साली ३ किलोमीटर खोल गेलेल्या विवरातही लाव्ह्याखाली तोच जुना खडक होता. गाळाने भरलेली दरी तेथे सापडली नाही. गुरुत्वाकर्षणातील त्या उणिवेचे कारण आता जुन्या कवचाच्या पोटातच शोधावे लागते.