नाशिकचा हिरा : पैलू, तेज आणि इतिहासाचा पुरावा

इ.स. 1818 च्या मार्च महिन्यात मावळातील लोहगड व विसापूर हे किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. नाना फडणीसांची संपत्ती एकेकाळी याच लोहगडावर ठेवण्यात आली होती. पुढे 3 जून रोजी दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि पेशव्यांच्या जवाहिरातील 'नाशिकचा हिरा' युद्धलूट म्हणून कंपनीकडे गेला. तो मूळचा त्र्यंबकेश्वर देवस्थानाचा, अशी परंपरा आहे. या हिऱ्याविषयी लिहिताना स्वामित्वाचा प्रश्न बहुधा पुढे येतो. त्याचे पैलू कोणी व का बदलले, हा प्रश्नही तितकाच ऐतिहासिक आहे.

लंडनला पोहोचला तेव्हा हिऱ्याचे वजन जुन्या मापाने सुमारे 90 कॅरेट होते. तेथील जवाहिऱ्यांना त्याची घडण ओबडधोबड वाटली. हे मत निरपेक्ष मानण्याचे कारण नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नोंदविले आहे की, हिंदी कारागीर निर्दोष खड्याला वजन घटू नये म्हणून केवळ झिलई देत आणि दोष असल्यास तो झाकण्यासाठी त्यावर अनेक लहान पैलू पाडीत. येथे वजन हे मूल्य होते. प्रकाशाची उणीव कोंदणात खड्याखाली घातलेला चकचकीत वर्ख भरून काढी. सुटा खडा तपासणाऱ्याच्या हाती या व्यवस्थेचा अर्धाच भाग येत असे.

युरोपीय पद्धतीत हे काम खड्याच्या कोनांकडे सोपविले गेले. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे 2.42 असल्यामुळे आतील प्रकाशकिरण पृष्ठाच्या लंबाशी सुमारे 24.4 अंशांहून अधिक कोन करून आदळला, तर तो बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. खालचे पैलू योग्य कोनात असतील तर प्रकाश पुन्हा वरच्या बाजूने डोळ्यांकडे परततो. खडा फार उथळ वा फार खोल असेल तर तो तळातून निसटतो आणि निर्दोष खडाही निस्तेज दिसतो. गोल हिऱ्यासाठी या कोनांचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की याने 1919 मध्ये मांडले. त्यापूर्वीचे कारागीर अनुभवाच्या आधारे काम करीत.

रंडेल अँड ब्रिज या पेढीने नाशिकच्या हिऱ्याचा मूळ त्रिकोणी आकार राखून त्याला नवे पैलू पाडले आणि वजन 78⅝ कॅरेटवर आणले. ही तशी संयमित घट होती. 1852 मध्ये कोहिनूरचे सुमारे 45 टक्के वजन घासून गेले. 1837 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने नाशिकचा हिरा 7,200 पौंडांना घेतला. पुढे तो अमेरिकेत आणला गेला असता, 'कलात्मक पुरातन वस्तू' म्हणून त्याला जकातमाफी मिळावी काय, असा वाद उपस्थित झाला. 1930 मध्ये न्यायालयाने तो दावा अमान्य केला. निकाल जकातीपुरता होता, पण पुरातनत्व नाकारलेली वस्तू पुन्हा घासण्यास कोणाला संकोच वाटणार?

1940 मध्ये हॅरी विन्स्टन याने तो विकत घेतला आणि पाचूच्या घाटाचा 43.38 कॅरेटचा निर्दोष हिरा घडविला. या घाटातील लांब, पायरीवजा पैलूंमुळे सप्तरंगी झळाळी कमी होते व नितळपणा उठून दिसतो. तेव्हा या वेळी निम्म्याच्या आसपास वजन गेले ते अधिक झळाळीसाठी नव्हे, तर निर्मळतेच्या नव्या अभिरुचीसाठी. पेशवेकालीन कारागिराने पाडलेला एखादा पैलू त्यावर शिल्लक असण्याचा संभव आता जवळजवळ नाही.