हर्क्युलिस कार्ड आणि पडद्यावरचे अक्षर

संगणकाच्या पडद्यावर उमटणारे अक्षर हे मुळात ठिपक्यांचे चित्रच असते, ही गोष्ट आज इतकी उघड वाटते की तिच्याविषयी काही लिहावे असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. परंतु ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा ‘पीसी’ आला तेव्हा अक्षर आणि चित्र यांच्यामध्ये भिंत होती, आणि ती यंत्राच्या घडणीतच बांधलेली होती. लिपीच्या इतिहासाकडे मुद्रणाच्या अंगाने पाहण्याची आपल्याला सवय आहे. गणपत कृष्णाजी, जावजी दादाजी यांच्यापर्यंत आपले अभ्यासक आवर्जून जातात. पडद्यावरच्या अक्षराचा इतिहास मात्र आपण अभियंत्यांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

त्या पीसीसाठी आयबीएमने पडद्याची दोन कार्डे दिली होती. पहिले एमडीए. त्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत आणि प्रत्येक अक्षराला ९ × १४ ठिपक्यांचे घर मिळे. अक्षरे रेखीव दिसत, परंतु ती कार्डावरच्या कायमस्वरूपी स्मृतीत कोरलेली होती आणि त्यांची संख्या २५६ होती. प्रोग्रामने केवळ क्रमांक सांगायचा. घरातले कोणते ठिपके उजळायचे हे कार्ड ठरवणार. एखादाच ठिपका स्वतंत्रपणे उजळण्याची सोय नव्हती. या २५६ चिन्हांत रोमन वर्णमाला होती, युरोपीय भाषांची स्वरचिन्हांकित अक्षरे होती, काही ग्रीक अक्षरे होती, तक्ते आखण्यासाठी रेघा होत्या, इतकेच नव्हे तर पत्त्यांतले बदाम, इस्पिक, किलवर, चौकट आणि दोन हसरे चेहरेही होते. बदामाला जागा होती, ‘क’ला नव्हती. दुसरे कार्ड सीजीए. त्यावर ठिपके उजळता येत, पण जास्तीत जास्त ६४० × २००. म्हणजे अक्षराच्या वाट्याला ८ × ८ चे घर. रफार, वेलांटी, उकार आणि खाली लोंबणारे जोडाक्षर आठ ठिपक्यांच्या उंचीत बसवून पाहावे म्हणजे ही अडचण किती मूलभूत होती ते कळते.

ही कोंडी फोडणाऱ्याला देवनागरी नव्हे, थाई लिपी हवी होती. थाईमध्येही व्यंजनाच्या वर स्वर, त्याच्यावर सूरचिन्ह आणि खाली आणखी एखादा स्वर अशी रचना असते. व्हॅन सुवन्नकुल यांना आपला प्रबंध पीसीवर थाई लिपीत सिद्ध करायचा होता. त्या गरजेतून त्यांनी स्वतःच एक कार्ड तयार केले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत हर्क्युलिस कंपनी सुरू झाली. एमडीएचाच एकरंगी पडदा, तीच सुबक अक्षरे, पण शिवाय ७२० × ३४८ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका प्रोग्रामच्या ताब्यात. गंमत अशी की या कार्डाला बाजार मिळवून दिला तो हिशेबनिसांनी. १९८३ साली आलेल्या ‘लोटस १-२-३’ने हर्क्युलिसला आपलेसे केले आणि आकड्यांचे आलेख त्यावर झळकू लागले. प्रबंधाची गरज मागे पडली. कार्ड मात्र सर्वत्र पोहोचले.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. आयबीएमच्या यंत्रात अंगभूत असलेल्या ‘बायॉस’ला हर्क्युलिसची भाषा येत नव्हती. सीजीए पडद्याच्या सम ओळी स्मृतीच्या एका भागात व विषम ओळी दुसऱ्या भागात ठेवी. हर्क्युलिस त्याच ओळी चार भागांत वाटून टाकी. एक साधी तिरकी रेघ काढायची तरी प्रत्येक कार्डासाठी गणित निराळे. म्हणून प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक कार्डासाठी आपला वेगळा दुभाषी सोबत बाळगावा लागे. या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. १९८४ मध्ये ईजीए आणि १९८७ मध्ये व्हीजीए आले, आणि दुभाष्यांची फौज वाढत गेली.

‘काय काढायचे’ आणि ‘कशावर काढायचे’ यांची फारकत करावी, हा विचार त्याआधीच मान्य झाला होता. जीकेएस हे आंतरराष्ट्रीय मानक १९८५ चे. सामान्य प्रोग्रामरच्या हाती मात्र ही फारकत पडली ती बोरलँड कंपनीच्या बीजीआयमुळे, १९८७ मध्ये. रेघ, वर्तुळ, मजकूर यांच्या आज्ञा एकच. आणि प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर वेगळ्या फाइलीत. प्रोग्रामने सुरुवातीला ‘इनिटग्राफ’ म्हणायचे की ग्रंथालय समोरचे कार्ड ओळखून योग्य दुभाषी बोलावणार. महाराष्ट्रातल्या कित्येक महाविद्यालयांत टर्बो सी मुक्कामाला राहिल्यामुळे, मूळ यंत्रे भंगारात गेल्यावरही विद्यार्थी या आज्ञा पाठ करीत राहिले. बीजीआयमध्ये रेघांनी घडवलेले फॉन्टही होते. त्यांतले अक्षर बोरूच्या हालचालीसारखे, रेघेमागून रेघ असे नोंदलेले असे आणि हवे तेवढे मोठे करता येई. पण एका क्रमांकाला एक आकार हा जुना नियम तेथेही सुटला नाही. ‘कि’मधली वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना आधी, हे सांगायला त्या रचनेत जागाच नव्हती.

ती जागा निर्माण केली ‘जिस्ट’ने. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलेले हे काम माझ्या मते आपल्या लिपीच्या इतिहासात टंकयंत्रापेक्षाही मोठे आहे. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. जिस्ट कार्ड पीसीत बसवले की वर्डस्टार किंवा डीबेससारखे प्रोग्राम आपण नेहमीसारखेच क्रमांक पाठवीत आहोत अशा समजुतीत राहत. जोडाक्षरे जुळवणे, वेलांटी पुढे आणणे हे सारे कार्ड करी. साठवले जाई ते उच्चारक्रमाने, दिसे ते लेखनक्रमाने. त्याचीच संकेतप्रणाली, ‘इस्की’, १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. भारतीय लिपींना तिने समान क्रमांक दिल्यामुळे मराठी मजकूर कळ दाबताच कानडी लिपीत दिसू शके.

दुर्दैवाने नव्वदच्या दशकातल्या मराठी अक्षरजुळणीने बहुतांशी हा मार्ग धरला नाही. खिडक्यांच्या नव्या यंत्रणेत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट रूढ झाले, प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकूर गेला! त्या काळात जुळवलेली पुस्तके, अंक, प्रबंध यांच्या फाइली आज उघडल्या तर समोर रोमन चिन्हांचा ढिगारा येतो. ज्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात तयार होते, त्याचीच किंमत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला चुकवावी लागत आहे.

युनिकोडने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतला. विंडोज २००० मध्ये तो सर्वसामान्यांच्या पडद्यावर आला, आणि त्यासोबत आलेल्या ‘मंगल’ या फॉन्टची अक्षरे रेखली होती रघुनाथ कृष्ण जोशी यांनी: सुलेखनकार, आणि मराठीतले कवी.