लाय डिटेक्टर (पॉलिग्राफ)
यंत्र टिपते ती शरीराची चलबिचल; त्यावरून खरेखोटे ठरवतो तो तज्ज्ञ. संशयिताच्या छाती-पोटाभोवती श्वास मोजणाऱ्या नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना घामाचा अंदाज देणारी टोके लावतात. उत्तरे बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच. गुन्ह्याविषयीच्या प्रश्नाचा आलेख इतर प्रश्नांच्या आलेखाशेजारी ठेवून मत बनवले जाते. निर्दोष पण भेदरलेला माणूस यात अडकतो आणि निर्ढावलेला सुटू शकतो, ही या चाचणीची जुनीच खोट. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात (५ मे २०१०) सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरवली. अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. नार्को आणि ब्रेन मॅपिंगलाही हाच निकाल लागू आहे. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते, वकिलाचा सल्ला मिळावा लागतो. एवढे करूनही चाचणीचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. तेव्हा ‘लाय डिटेक्टरमध्ये आरोपी दोषी’ हे वर्तमानपत्री मथळे कायद्याच्या लेखी पोकळच. मात्र संमतीने झालेल्या चाचणीच्या मदतीने पुढे हाती लागलेली वस्तू किंवा माहिती पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली ग्राह्य धरता येते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे.