बातमीदाराचा चेहरा

मोगल अमदानीत प्रांतोप्रांती वाकेनवीस नेमलेले असत आणि सुभ्यात घडलेली हकीकत ते परभारे बादशहाच्या दरबारी लिहून कळवीत. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतही वाकनिसीचा स्वतंत्र हुद्दा होता, जो आज आपल्याकडे केवळ आडनावापुरता शिल्लक उरला आहे. लिहिणारा कोण, हे दरबाराबाहेर रयतेस कळण्याचे कारण नसे. दूरचित्रवाणीचा बातमीदार आपल्या देशात प्रथम अवतरला तो असाच निनावी, ही गोष्ट आजच्या प्रेक्षकास सांगूनही खरी वाटणार नाही.

दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबईचे केंद्र वरळीस २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले, आणि १ एप्रिल १९७६ पर्यंत हा सारा कारभार आकाशवाणीच्याच पदराखाली चालत होता. वृत्तविभागातील अधिकारी बहुधा केंद्रीय माहिती सेवेतले. आज नभोवाणी, उद्या पत्र सूचना कार्यालय, परवा दूरदर्शन, अशा बदल्यांच्या हुकमांत त्यांची हयात जाई. महाराष्ट्राने जीव लावला तो बातम्या वाचणाऱ्यांवर. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे ही नावे घरोघर पोचली, स्मिता पाटील तर या बातम्यांच्याच वाटेने चित्रपटात गेल्या; परंतु उन्हातान्हात हिंडून ज्याने ती हकीकत आणली, त्याचे तोंड प्रेक्षकाने सहसा पाहिलेले नसे.

त्या काळची सामग्री पाहिली म्हणजे या कामाची जात कळते. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, त्यात शंभर फुटांचे रीळ, आणि ते जेमतेम पावणेतीन मिनिटे चाले. म्हणजे मंत्र्याचे भाषण तासाभराचे असो वा मोर्चा मैलभर लांब असो, त्यातले कोणते क्षण टिपावयाचे हे कळ दाबण्यापूर्वीच ठरवावे लागे. चित्रफीत पुष्कळदा मुकी. ती केंद्रावर आणून धुवावयाची, वाळवावयाची, कापून जोडावयाची, आणि प्रक्षेपणाच्या वेळी निवेदकाने समोरच्या कागदावरून तिला वाचा द्यावयाची. फीत रसायनात भिजत असता मजकूर लिहिणारा लिहीत बसे, खोडीत बसे, एखादा आकडा दूरध्वनीवरून पुन्हा विचारून घेई. या सक्तीच्या विलंबाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण सरकारास अडचणीचा मजकूर गाळण्यासही तोच अवधी कामी येई आणि आणीबाणीत त्या कात्रीला उसंत नव्हती. तथापि विचारून घेण्यास वेळ होता, एवढे मात्र खरे.

पुढे व्हिडिओ कॅसेट आली, १९८२ साली रंग आले, धुण्यावाळवण्याचे खाते बंद झाले. बातमीदारास चेहरा लाभला तो मात्र नव्वदीच्या दशकात. १७ जुलै १९९५ रोजी दूरदर्शनच्याच मेट्रो वाहिनीवर 'आज तक' हे वीस मिनिटांचे वार्तापत्र सुरू झाले, आणि घटनास्थळी उभे राहून, हाती माइक धरून, शेवटी आपले व गावाचे नाव सांगणारा बातमीदार लोकांच्या ओळखीचा झाला. २००७ साली 'झी चोवीस तास' व 'स्टार माझा', पुढच्याच वर्षी 'आयबीएन लोकमत' निघाल्यावर ही हौस तालुक्यापर्यंत पोचली. तेथील स्ट्रिंगराची अवस्था मात्र पाहण्यासारखी: मोबदला दर बातमीमागे, कॅमेरा आणि मोटारसायकल स्वतःची, नेमणुकीचा कागद बहुधा नाहीच. वाकेनविसास दरबारचे वेतन तरी होते!

विचारून घेण्यास आता वेळ उरला नाही, याचा प्रत्यय मुंबईने घेतला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी हल्ला झाला तेव्हापासून ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊससमोर बातमीदार ठाण मांडून होते. जवान कोठून शिरत आहेत हे घरबसल्या आपण जसे पाहत होतो, तसे सीमेपलीकडून हल्लेखोरांना हुकूम सोडणारेही पाहत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहशतवादविरोधी कारवाई चालू असेतोवर तिचे थेट चित्रण दाखविण्यास मनाई असून, सरकारने नेमलेला अधिकारी वेळोवेळी जे निवेदन करील तेवढ्यावरच वाहिन्यांना भागवावे लागते.