सहावी ते आठवीला शिकवायचंय? मग आधी पदवीचा विषय बघा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागतं. सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव, नायगाव, इथून जवळच. शाळा काढण्याआधी त्यांनी स्वतः शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं, हे आपण अनेकदा विसरतो.

आज याच भागातल्या एखाद्या डीएड झालेल्या शिक्षकाला सहावी ते आठवीला शिकवायचं असेल, तर काय लागतं?

२३ ऑगस्ट २०१० च्या एनसीटीईच्या अधिसूचनेनुसार पहिली ते पाचवीला बारावी आणि डीएड चालतं. सहावीपासून मात्र पदवी लागते. सोबत डीएड (आताचं डीएलएड) किंवा बीएड, आणि टीईटी. जिल्हा परिषदेच्या भाषेत हाच तो ‘पदवीधर शिक्षक’.

खरी मेख विषयात आहे. शिक्षण हक्क कायद्याला सहावी ते आठवीसाठी तीन गटांचे शिक्षक हवेत : भाषा, सामाजिक शास्त्रे आणि गणित-विज्ञान. टीईटीच्या पेपर २ मध्येही १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकाला आहेत. म्हणजे नुसतं ‘ग्रॅज्युएट आहे’ म्हणून भागत नाही. नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करणं जमतं. पण बीएस्सीला प्रयोगशाळा लागते आणि ती रविवारी घरी बसून होत नाही. त्यामुळे बीए सोपं म्हणून करून टाकलं, तर विज्ञानाच्या जागेवर दावा सांगता येत नाही. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी हा विचार करा, नंतर नाही.

बीएडचं काय? ते दोन वर्षांचं. खुल्या प्रवर्गाला पदवीला ५० टक्के लागतात, शिवाय सीईटी. पण ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीसाठी अपात्र ठरवलं. त्यामुळे पाचवीपर्यंत डीएलएडच चालतं, सहावीपासून दोन्ही.

कॉलेज कुठलं? इथे भूगोल गमतीचा आहे. सावित्रीबाईंच्या नावाचं विद्यापीठ पुण्यात, शिरवळपासून पन्नासेक किलोमीटरवर. पण सातारा जिल्हा येतो कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे, आणि कोल्हापूर त्याच्या तिपटीहून लांब! साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आहे, १९५५ पासूनचं. गंमत म्हणजे खुद्द शिरवळमध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गुरांचा डॉक्टर होण्यासाठी गाव सोडावं लागत नाही.

एमएड? सहावी ते आठवीला शिकवण्यासाठी ते लागत नाही. अध्यापक विद्यालयात किंवा बीएड कॉलेजात शिकवायचं असेल तरच ती आणखी दोन वर्षं द्या. वर्गात उपयोग हवा असेल, तर आपल्या विषयातलं एमए किंवा एमएस्सी जास्त कामाला येतं, असं आमचं मत.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला असेल तर दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाऊ शकते. पाच वर्षांहून कमी उरली असतील तर नोकरी राहते, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परीक्षेच्या बाकावर पुन्हा बसवणं अनेकांना जाचक वाटतं, आणि ते समजण्यासारखं आहे. तरी १५० पैकी ९० गुण (राखीव प्रवर्गाला ५५ टक्के) मिळवण्याची तयारी आजच सुरू केलेली बरी. त्यातले ३० गुण बालमानसशास्त्राचे असतात आणि डीएडची जुनी पुस्तकं तिथे अजून उपयोगी पडतात.