सेंट्रल लॉकिंग (जुन्या मोटारींतील)
मोटारीची सर्व दारे एकदम लावणारी-उघडणारी विद्युत यंत्रणा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. त्या पिढीच्या गाड्यांना आता या यंत्रणेची दुरुस्ती लागते.

दारातील १२ व्होल्टची छोटी मोटर दातेरी चाकांमार्फत कुलूप सरकवते. चारही दारे गप्प असतील, तर आधी फ्यूज पाहावा. एकच दार अडत असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीपासून सुरुवात करावी. दार उघडझाप होऊन तिच्यातील तारा वाकतात. आतले तांबे तुटते, वरचे वेष्टण मात्र शाबूत राहते, म्हणून दोष डोळ्यांना दिसत नाही. तार हलकेच ओढली की तुटलेल्या जागी ती लांबते. ही तपासणी न करता अख्खे कुलूप बदलणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

मोटरचा आवाज येतो, पण कुलूप हलत नाही, तेव्हा धूळ आणि उन्हाने घट्ट झालेले ग्रीस साफ करून नवे लावतात. दार उघडूनही आतला दिवा लागत नसल्यास कुलपातील मायक्रोस्विचचा संशय घ्यावा. दुरुस्तीनंतर दाराच्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवणे अत्यावश्यक. एरवी पावसाचे पाणी थेट गाडीत उतरते.