एक गोळी आणि माहेरची पिशवी

आमच्या खानदेशात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे नाव नोंदवायचं धुळ्याला आणि कळा सुरू व्हायच्या जळगावकडच्या एखाद्या खेड्यात!

आईचा एचआयव्ही बाळाला जाऊ नये म्हणून १९९४ साली पहिला उपाय सापडला. अमेरिका-फ्रान्समधल्या चाचणीत झिडोवुडिननं संसर्ग सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. पण गरोदरपणात रोज गोळ्या, प्रसूतीत शिरेतून औषध, वर बाळाला सहा आठवडे डोस. खेड्यात कुठलं जमायचं?

१९९९ साली युगांडातल्या चाचणीनं सोपी वाट दाखवली. कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापीनची एक गोळी, ७२ तासांत बाळाला एक डोस. झिडोवुडिनच्या छोट्या कोर्सच्या तुलनेत संसर्ग जवळपास निम्मा! आपल्या सरकारी कार्यक्रमानंही पुढे हीच गोळी घेतली. आम्हा प्रोग्रामर लोकांना असला दोन ओळींचा उपाय भारी आवडतो.

पण ती गोळी माहेरी न्यायची कशी? पिशवीत लपवून? आणि आईनं विचारलं तर? दुखणं बहुतेक वेळा नवऱ्याकडून आलेलं, बोल मात्र सुनेलाच.

शिवाय गोळी बाळासाठी होती, बाईसाठी नव्हे. उलट त्या एका डोसानं तिच्या अंगातला विषाणू त्याच औषधाला दाद देईनासा होऊ शकायचा. सरकारी मोफत एआरटी सुरू झाली एप्रिल २००४ मध्ये, तीही मोजक्या केंद्रांवर. प्रत्येक बाधित गरोदर बाईला, सीडी४ कितीही असो, आयुष्यभर तीन औषधं द्यायचं धोरण आलं थेट २०१४ मध्ये. ती नीट घेतली तर, अंगावर पाजूनही, धोका ५ टक्क्यांच्या खाली.

फक्त आता गोळी रोजची. माहेरच्या पिशवीत ती अजूनही न्यावीच लागते.